देवाचे ऋण आणि देवाचे शस्त्र : आशियाई लोकश्रद्धांवर उभ्या असलेल्या काही अद्भुतरम्य कादंबऱ्या

इंग्रजी पुस्तकांच्या व्यवहारात अलीकडे ‘आशियाई फँटसी’ नावाचे एक स्वतंत्र खातेच उघडले गेले आहे. चीन, जपान, कोरिया, मलय द्वीपसमूह किंवा भारतीय उपखंड यांपैकी कोठल्याही प्रदेशातील दैवतकथांचा, भुताखेतांचा वा राजवंशांचा आधार घेतलेली कादंबरी या खात्यात जमा होते. आपले विद्यार्थी ही पुस्तके वाचतात, ग्रंथालयाकडे त्यांची मागणी करतात आणि मग यांतील कोणती घ्यावीत हा प्रश्न भाषा विभागाकडे येतो. प्रश्न वरवर पाहता खरेदीचा वाटतो. वस्तुतः तो समीक्षेचा आहे. कारण लोकश्रद्धा कादंबरीत शिरते तेव्हा तिचे नेमके काय होते, हे ठरविल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही.

मराठी समीक्षेकडे या प्रश्नासाठी फारशी तयारी नाही, हे प्रथमच मान्य करावयास हवे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाले’ने (१८६१) मराठी कादंबरीत अद्भुताचे दालन उघडले, तथापि हरिभाऊ आपट्यांनंतर वास्तवदर्शन हाच कादंबरीच्या प्रौढत्वाचा निकष ठरला आणि अद्भुत हे बाल्यावस्थेचे लक्षण मानले गेले. परिणामी अद्भुताचे वाङ्मयीन मूल्यमापन कसे करावे याची परिभाषा आपण घडविली नाही. दुसरीकडे लोकसाहित्याचा अभ्यास विपुल झाला. दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे यांच्या कार्याने तो समृद्ध झाला; परंतु वर्गात तो बहुधा संकलनाच्या आणि वर्गीकरणाच्या अंगाने शिकविला जातो. ओवी, उखाणे, कहाणी, विधिनाट्य अशा कप्प्यांत ठेवलेली ही सामग्री जिवंत कल्पनाशक्तीला आजही काही पुरवीत असेल, अशी शंका विद्यार्थ्याला येत नाही. प्रस्तुत लेखात चार कादंबऱ्यांची सविस्तर आणि आणखी काहींची धावती शिफारस केली आहे, ती या दोन कप्प्यांमधील भिंत थोडी खाली यावी म्हणून.

‘आशियाई’ या विशेषणाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. अशी एकसंध संस्कृती अस्तित्वात नाही. पण कथा मात्र या भूखंडावर खरोखरच दूरवर हिंडल्या आहेत. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजसभेशी ज्याचे नाव परंपरेने जोडले, त्या गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. तिचे अकराव्या शतकातील काश्मिरी रूप म्हणजे सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’. त्यात सामावलेली वेताळपंचविशी पुढे तिबेटी आणि मंगोल भाषांत ‘सिद्धी-कूर’च्या कथा म्हणून नांदू लागली. प्रेत खांद्यावर, प्रेताच्या तोंडी गोष्ट आणि मौन मोडले की फेरा पुन्हा सुरू, ही चौकट तेथेही शाबूत आहे.

याच वेताळाचे दुसरे रूप आपल्याला कोकणात आणि गोव्यात भेटते. तेथे तो गोष्टी सांगत नाही. तो ग्रामदैवत आहे, रात्री गावाच्या सीमेवर फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात आणि गावाला त्याला नव्या वहाणा द्याव्या लागतात. पंचविशीतला वेताळ आणि वहाणांचा वेताळ यांत जो फरक आहे, तोच मला या संपूर्ण कादंबरीप्रकाराच्या परीक्षणासाठी उपयोगी वाटतो. पहिला हवा तेथे नेता येतो. दुसऱ्याचे कोणावर तरी काही देणे लागते. लोकश्रद्धेत अलौकिक शक्ती बहुधा हक्कदार म्हणून येते. नवस बोलायचा आणि नवस फेडायचा असतो. मराठीने कर्जासाठी आणि नवसासाठी ‘फेडणे’ हे एकच क्रियापद ठेवले आहे. तेव्हा आशियाई लोककथेवर बेतलेल्या कादंबरीत ड्रॅगन किती आहेत, नावे किती परकी वाटतात, पदार्थांची वर्णने किती चवदार आहेत, हे मोजण्यापेक्षा तिच्यातील दैवताचे कोणावर काही देणे निघते का, हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

या दृष्टीने पहिली शिफारस नाहोको उएहाशी या जपानी लेखिकेच्या ‘सेइरेइ नो मोरिबितो’ (१९९६) या कादंबरीची. कॅथी हिरानो यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये ‘मोरिबितो : गार्डियन ऑफ द स्पिरिट’ या नावाने आला. उएहाशी व्यवसायाने मानववंशशास्त्रज्ञ आहेत. त्यांचे क्षेत्रकार्य ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजात झाले आहे. २०१४ मध्ये त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. कुमारांसाठी लिहिलेली म्हणून ही कादंबरी आपल्या अभ्यासक्रमाच्या नजरेतून सुटण्याचा संभव आहे आणि तो मोठा तोटा ठरेल.

कथानक थोडक्यात असे. नव्या योगो साम्राज्याचा धाकटा राजपुत्र चागुम याच्या शरीरात जलदेवतेचे अंडे वाढत आहे. राजघराण्याची स्थापनाच मुळी जलराक्षसाच्या वधाच्या आख्यायिकेवर झालेली. त्यामुळे राजपुत्राच्या अंगात तोच ‘राक्षस’ असल्याचे उघड होणे म्हणजे सिंहासनाचा पायाच उखडणे. खुद्द मिकादो, म्हणजे बाप, मुलाच्या मृत्यूची व्यवस्था करतो. मुलाला वाचविण्याचे काम बालसा या तिशीतल्या भालाधारी स्त्रीवर येते. तिचीही एक परतफेड चालू आहे. तिला वाचविताना तिच्या पालनकर्त्याने आठ माणसे मारली, म्हणून आठ जीव वाचविण्याचे तिने मनाशी घेतले आहे.

येथवर हे कुशलतेने रचलेले साहसकथानक आहे. कादंबरीचा खरा विषय मात्र निराळा आहे: एकाच घटनेच्या दोन स्मृती. राज्यकर्त्यांच्या बखरीत मूळपुरुषाने राक्षस मारला. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या, याकूंच्या, परंपरेत तो राक्षस नव्हता; पाऊस आणणारा जीव होता, आणि त्याचे अंडे सुखरूप पोचविले नाही तर दुष्काळ पडणार होता. पण उएहाशी येथे सोपा मार्ग घेत नाहीत. जेत्यांची बखर खोटी आणि जितांची मौखिक परंपरा खरी, एवढ्यावर एखादा कमी तयारीचा लेखक थांबला असता. या कादंबरीत याकूंचीही स्मृती झिजली आहे. जेत्यांच्या राज्यात राहून, त्यांच्याशी सोयरीक करून, त्यांची भाषा बोलून त्यांचे जाणते मेले आहेत आणि जे उरले आहे ते अर्थ हरवलेल्या चालीरीतींत. सण साजरा होतो, पण त्या सणात जे केले जाते ते का केले जाते हे कोणी सांगू शकत नाही. ती विसरलेली चाल आणि राजवाड्यातील तळघरात पडलेले प्राचीन लेखन यांची गाठ पडते, तेव्हाच पूर्ण अर्थ हाती लागतो. राजदरबारातील तरुण नक्षत्रवेत्ता शुगा तळघरात अक्षरे लावीत बसला आहे आणि डोंगरातली म्हातारी मांत्रिक तोरोगाई पाण्याकडे कान लावून बसली आहे, ही समांतर रचना इतिहासाच्या अध्यापकांनी अवश्य पाहावी. लिखित साधन आणि मौखिक साधन यांविषयी संशोधनपद्धतीच्या तासाला आपण जे बोलतो, ते या कादंबरीत प्रत्यक्ष घडते आणि त्यावर एका अकरा-बारा वर्षांच्या मुलाचा जीव अवलंबून असतो.

आणखी एक गोष्ट. अंडे वाढविणाऱ्या मुलाने हे ओझे मागितलेले नाही. त्याला कोणी विचारले नाही, त्याच्या बदल्यात त्याला कोणतीही शक्ती मिळाली नाही. ‘माझ्यावरच का?’ या त्याच्या प्रश्नाला कादंबरी उत्तर देत नाही. पाश्चात्त्य धर्तीच्या अद्भुतकथेत निवडला गेलेला मुलगा सामर्थ्य घेऊन येतो. चागुम केवळ वाहक आहे. गावासाठी उपास धरणाऱ्या, गावाच्या वतीने अनवाणी चालणाऱ्या माणसाशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

विसरलेल्या चालीत दडलेला पुरावा हे सूत्र त्याआधी एका अमेरिकन लेखकाने वापरले होते. बॅरी ह्यूगार्ट यांची ‘ब्रिज ऑफ बर्ड्स’ (१९८४) ही कादंबरी कधीच अस्तित्वात नसलेल्या प्राचीन चीनमध्ये घडते, असे तिचे उपशीर्षकच सांगते. कु-फू गावातील मुले विषबाधेने निपचित पडली आहेत. त्यांच्यासाठी औषधी मुळी शोधायला एक बलदंड खेडूत आणि एक मद्यप्रिय वृद्ध पंडित निघतात. ज्या कोड्याच्या मागे ते हिंडतात त्याचे सूत्र गावातील मुलांच्या खेळात, पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या जाणाऱ्या निरर्थक वाटणाऱ्या गाण्यात असते, आणि शेवट सातव्या महिन्याच्या सातव्या तिथीला पक्ष्यांच्या पुलावर भेटणाऱ्या प्रेमिकांच्या चिनी आख्यायिकेशी येऊन मिळतो. हे पुस्तक खट्याळ आहे, अनेकदा ते चीनपेक्षा चीनविषयीच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांचीच थट्टा करते. स्त्रीपात्रांच्या बाबतीत ते आज जुनाटही वाटते. तरीही मी ते यादीत ठेवतो. परक्याने आपल्या लोककथेला हात लावावा की नाही, या वादात लेखकाचा जन्म पाहण्याची घाई होते. ह्यूगार्ट परके होते. पण गोष्टीतील ऋण अखेरपर्यंत फेडले गेले पाहिजे हे त्यांना ठाऊक होते, आणि शेवटच्या प्रकरणात ते त्यांनी मनापासून फेडले आहे. ‘कथासरित्सागर’ घरचाच असूनही त्यातली नुसती नावे उचलणारे लेखक आपल्याकडे कमी नाहीत.

आता दोन वाघ.

मलय जगात नरव्याघ्राची, ‘हारिमाउ जादियान’ची, श्रद्धा जुनी आहे. तेथे जंगलात वाघाचे नाव घेत नाहीत. त्याला आजोबा अशा अर्थाच्या शब्दाने संबोधतात. सह्याद्रीत ‘जनावर’ म्हणून वेळ मारून नेणाऱ्या, वाघाला वाघोबा म्हणणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पालघर-जव्हारकडील वारल्यांचा वाघदेव, महादेव कोळ्यांची दिवाळीच्या तोंडावर येणारी वाघबारस, गोव्यातील वाघ्रो या सर्वांत एक करार गृहीत आहे: आम्ही तुझा मान राखतो, तू आमची गुरे राख. अशा श्रद्धेच्या पार्श्वभूमीवर दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत.

यांगझी चू या मलेशियन लेखिकेची ‘द नाइट टायगर’ (२०१९) १९३१ च्या ब्रिटिश मलायात, पेराक प्रांतातील इपोह आणि बातू गाजा परिसरात घडते. अकरा वर्षांचा नोकर मुलगा रेन याला त्याच्या मृत इंग्रज डॉक्टर मालकाने शेवटची आज्ञा दिली आहे: कापले गेलेले माझे बोट शोध आणि एकोणपन्नास दिवसांच्या आत माझ्या देहाबरोबर पूर. तसे झाले नाही तर आत्मा भटकत राहील, आणि मालकाला तर आपण वाघ होतो असा संशय होता. ते बोट जी लिन या तरुणीच्या हाती लागते. ती दिवसा शिवणकाम शिकते आणि आईचे जुगाराचे कर्ज फेडण्यासाठी नृत्यगृहात नाचते. मृताच्या अपुऱ्या मागणीचा हा धाक आपल्याला परका नाही. दहाव्याला कावळा शिवला नाही म्हणजे घरातल्या माणसांनी मृताला काय काय कबूल करायचे, हे आपण पाहिलेले असते. लेखिकेने मृताचे ऋण आणि सावकाराचे कर्ज एकाच कथानकात गुंफले आहे, त्यात तिची समज दिसते. युरोपीय लांडगा-मानवाच्या कथेत माणूस पशूचे कातडे पांघरतो. येथील श्रद्धेत वाघच माणसाचे कातडे पांघरून गावात येतो, हा उलटा क्रम वसाहतीतील साहेबांच्या घरात ठेवल्याने एक सूचक प्रश्न उभा राहतो. गावात कातडे पांघरून आलेला कोण?

दुर्दैवाने कादंबरी हा प्रश्न पुरता वापरीत नाही. पाच पात्रांना कन्फ्यूशियस-परंपरेतील पाच सद्‌गुणांची नावे देऊन ती एक जुळवाजुळव मांडते आणि मग त्या जुळणीच्या मागे धावते. खून, रुग्णालयातील चोऱ्या, सावत्र भावाशी प्रेम, सारे काही अखेरच्या शंभर पानांत नीट लागते, फारच नीट. वाघ मात्र त्या आवरासावरीत हळूच बाहेर निघून जातो.

एका कुर्निआवान यांच्या ‘लेलाकी हारिमाउ’ (२००४) मध्ये वाघ बाहेर जात नाही. लाबोदालिह सेम्बिरिंग यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद ‘मॅन टायगर’ २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या दीर्घयादीत आला. इंडोनेशियातील एका किनारी गावात मार्गिओ नावाच्या तरुणाने अन्वर सादात नावाच्या प्रौढ शेजाऱ्याचा गळा दातांनी फोडून त्याला ठार मारले, हे पहिल्याच पानावर कळते. खुनी कोण याचे रहस्य नाही. मार्गिओचे म्हणणे एवढेच, की हे मी केले नाही. माझ्या अंगात वाघीण आहे, तिने केले. ही पांढरी वाघीण त्याला आजोबांकडून वारशाने आली आहे. मधल्या पिढीला, म्हणजे बायकोला मारहाण करणाऱ्या त्याच्या न्हावी बापाला, तिने वगळले.

या वगळण्यातच कादंबरीचा गाभा आहे. वाघीण कुळाची आहे, पण पुरुषाच्या अधिकाराबरोबर आपोआप खाली येत नाही. आई नुरायनी हिच्या आयुष्यातील अपमान, बडबडत स्वयंपाकघरात भांड्यांशी बोलण्याची तिला लागलेली सवय, शेजाऱ्याच्या घरी तिला अनपेक्षितपणे मिळालेले सुख आणि त्याची फळे हे सारे कुर्निआवान वर्तुळाकार मागे जात उलगडतात. वाचकाला वाटते, वाघीण बापासाठी आली आहे. मार्गिओलाही तसेच वाटते; त्या भीतीने तो घर सोडतो. पण बाप आपल्या मरणाने मरतो आणि वाघीण बाहेर येते ती दुसऱ्याच माणसासाठी, एका वाक्यासाठी. ते वाक्य शेवटच्या पानावर आहे आणि येथे सांगणे उचित नाही. ते वाचल्यानंतर वाघीण खरी की मनोविकाराचे रूपक, हा वर्गात हमखास विचारला जाणारा प्रश्न निकामी होतो. देणेकरी कोण हे निश्चित झालेले असते. वसुली कोणी केली याला पोलिसांच्या नोंदवहीबाहेर महत्त्व उरत नाही.

कुर्निआवान यांनी आपल्या देशातील स्वस्त भयकथांचे आणि मारामारीच्या कादंबऱ्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. नारायण धारप वा बाबूराव अर्नाळकर वाचून वाढलेल्या आणि पुढे ते लपविणाऱ्या आपल्या पिढीने या मोकळेपणाची नोंद घ्यावी. ‘लेलाकी हारिमाउ’ ला फँटसी म्हणायचे की नाही, यावर मतभेद होतील. माझ्या मते तिचे स्थान लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत, अंगात येणे आणि कुलदैवत या घटकांच्या शेजारी आहे.

अंगात येण्याचा विषय निघाला म्हणून झेन चो यांच्या ‘ब्लॅक वॉटर सिस्टर’ (२०२१) या कादंबरीकडे वळतो. या यादीतील सर्वांत वाचनीय आणि सर्वांत विनोदी पुस्तक हेच. जेस नावाची मुलगी अमेरिकेत वाढली, पदवीधर झाली आणि वडिलांचे आजारपण व बेकारी यांमुळे कुटुंबासह मलेशियातील पेनांगला परतली. तिच्या कानात एक म्हातारी बोलू लागते. ती तिची मृत आजी, आह मा. आजी हयातीत एका स्थानिक देवीचे ‘झाड’ होती. तिच्या देवीचे ठाणे एका धनाढ्य बांधकाम व्यावसायिकाच्या प्रकल्पात जाणार आहे आणि ते वाचविण्यासाठी आजीला नातीचे शरीर हवे आहे. नातीचे एका मुलीवर प्रेम आहे. हे तिने आईवडिलांपासून लपविले आहे. आजीला ते ठाऊक आहे आणि तिला त्याचा वापर करण्यात काही गैर वाटत नाही.

रस्तारुंदीत म्हसोबाचा दगड हलविताना काय घडते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या कादंबरीतील राजकारण परिचयाचे वाटेल. गुंड, विश्वस्त, भक्त, कंत्राटदार आणि देव यांची तेथे एकच बैठक असते. दक्षिण चिनी देवळांत लाकडाचे दोन चंद्राकृती तुकडे टाकून देवाचा होकार-नकार विचारतात. आपल्याकडे कौल लावतात. या साम्यांची यादी लांबविता येईल, पण खरे साम्य अधिक खोल आहे. कादंबरीतील देवी ही पूर्वी एका पुरुषाच्या हिंसेने मेलेली स्त्री आहे. दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) मध्ये पुणे परिसरातील देवींच्या ठाण्यांचा जो माग काढला, त्यानंतर ग्रामदैवताकडे केवळ भाविकपणे वा केवळ तुच्छतेने पाहणे आपल्याला अवघड व्हावयास हवे होते. अकाली, अन्यायाने मेलेल्या स्त्रीला गाव शेंदूर फासून देवी करते, तेव्हा त्यात भय किती, पश्चात्ताप किती आणि तोंड बंद ठेवण्याची किंमत किती? झेन चो हा प्रश्न प्रबंधाच्या भाषेत विचारीत नाहीत. जेसच्या घरात आई, मामा आणि मृत आजी एकमेकांशी जे बोलत नाहीत, त्यातून तो उभा राहतो. देवीची न सांगितलेली गोष्ट आणि नातीचे न सांगितलेले प्रेम ही दोन मौने एकमेकांवर घासली जातात. मारामारीचे प्रसंग काहीसे चित्रपटी झाले आहेत, हा दोष मान्य करूनही स्त्री-अभ्यास आणि समाजशास्त्र विभागांना ही कादंबरी मी निःशंकपणे सुचवितो.

याउलट आर. एफ. क्वांग यांची ‘द पॉपी वॉर’ (२०१८) विद्यार्थ्यांत सर्वाधिक मागणी असलेली, आणि माझ्या निकषाला सर्वांत अडचणीची. रिन नावाची अनाथ मुलगी स्पर्धापरीक्षा देऊन सैनिकी विद्यापीठात पोचते, अफूच्या साहाय्याने देवांशी संपर्क साधावयास शिकते आणि युद्धात फिनिक्स देवतेला आपल्या देहातून वाट देते. कादंबरीतील युद्ध म्हणजे दुसरे चीन-जपान युद्ध. गोलिन नीस या शहराचे प्रकरण म्हणजे १९३७ चे नानजिंग. ते प्रकरण वाचवत नाही आणि वाचावेच लागते. स्पर्धापरीक्षेचा भाग तर आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःचाच वाटतो, यात नवल नाही.

परंतु येथील चौसष्ट देव ‘ई-चिंग’च्या चौसष्ट आकृत्यांच्या हिशेबाने मांडलेले आहेत, जियांग झिया, दाजी ही नावे ‘फेंगशेन यानयी’ या मिंगकालीन कादंबरीतून आलेली आहेत. म्हणजे सामग्री ग्रंथांची आहे, गावाची नाही. या देवांना ठाणे नाही, सण नाही, नैवेद्य नाही. फिनिक्सला कोणी वहाणा देत नाही. तो किंमत मागतो हे खरे; पण ती किंमत वापरणाऱ्याच्या बुद्धिभ्रंशाची आहे, शस्त्र हाताळणाऱ्याला होणाऱ्या इजेसारखी. अखेरीस रिन त्या अग्नीने एक संपूर्ण बेट जाळते, तेव्हा आपण १९४५ च्या ऑगस्टविषयी वाचत आहोत हे लक्षात येते. लेखिकेला हेच अभिप्रेत आहे; देवाचे शस्त्र होणे हाच तिचा विषय आहे आणि त्या मर्यादेत ही प्रखर कादंबरी आहे. इतिहास विभागाने ती घ्यावी. चिनी लोकश्रद्धा कळावी म्हणून मात्र ती कोणी वाचू नये.

शस्त्राच्याही पलीकडची एक अवस्था असते: देवाचे औषध होणे. अमीश यांची ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ (२०१०) मराठीतही पुष्कळ वाचली गेली. तीत शिव हा तिबेटातील एका टोळीचा प्रमुख आहे आणि त्याचा कंठ निळा होतो तो सोमरसाच्या परिणामाने. या पेयाचा गुण प्राणवायूच्या रसायनशास्त्राने समजावून दिला जातो. देव म्हणजे थोर कर्तृत्वाची माणसे, हा विचार नवा नाही व त्याज्यही नाही. पण त्यात नवस स्वीकारणारे कोणी उरत नाही. हलाहल जगासाठी प्राशन करण्यात जे देणे होते, ते वैद्यकीय परिणामात विरून जाते. पुराणकथेला विज्ञानाचे प्रमाणपत्र मिळावे ही आपली गरज या कादंबरीने अचूक ओळखली. तिच्या खपाचे रहस्य मला तेथे दिसते.

याच उपखंडात अगदी वेगळे काही करणे शक्य आहे, हे श्रीलंकेच्या वज्र चंद्रशेखर यांच्या ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ (२०२३) या नेब्युला पुरस्कारप्राप्त कादंबरीने दाखविले. नायकाचे नाव ‘बेडी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे, फेटर, आहे. बुद्धपुत्र राहुलाच्या नावाचा परंपरेने दिलेला अर्थही तोच. संत झालेल्या बापाने सोडून दिलेल्या मुलाचे त्या बापावर काय देणे निघते, हा प्रश्न बौद्ध साहित्याच्या अभ्यासकांना अस्वस्थ करील. कादंबरी दुर्बोध आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या हाती थेट देऊ नये, अध्यापकांनी आधी वाचावी.

या साऱ्यांत एक अडचण शिल्लक राहते. यांतील बहुतेक पुस्तके आपल्यापर्यंत इंग्रजीतून येतात आणि इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यापर्यंतच पोचतात. ज्या मुलीच्या आजीच्या अंगात खरोखर येते, तिच्यापर्यंत बहुधा नाही. मराठी विभागाने निदान एका कादंबरीचे अनुवादकार्य प्रकल्प म्हणून हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते, आणि ‘ब्लॅक वॉटर सिस्टर’पासून आरंभ करावा. अडचण पहिल्याच पानावर येईल. आह मा मलेशियातील चिनी म्हाताऱ्या जशा बोलतात तशी बोलते. तिच्या वाक्यांत इंग्रजी मोडलेले आहे आणि अधिकार शाबूत आहे. तिला पुणेरी प्रमाण मराठी दिली तर ती मरेल, दुसऱ्यांदा. एका सहकाऱ्यांनी मालवणी सुचविली. दुसऱ्यांचे म्हणणे पडले की मालवणी म्हटले की वाचक आधी हसावयास बसतो. मला स्वतःला रायगडकडील आगरी बोली योग्य वाटते. पेनांगप्रमाणेच तेथेही समुद्र आहे, भराव आहे आणि देवळाच्या जागेवर कोणाचा तरी डोळा आहे.